चिंचोक्यांचा कौल

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक तरुण खार राहत असे. तिची शेपटी झुपकेदार होती, जीभ तिखट होती आणि धीर मात्र तिच्याकडे चिमूटभरही नव्हता. वडीलधारे बोलू लागले की ती झाडाच्या सालीवर नखे घासत बसे, म्हणजे त्यांनी लवकर आटोपावे.

त्या वर्षी उन्हाळा लांबला आणि खाणे आटले. अशातच एका दुपारी अस्वलाने गुहेत साठवलेली मोहाची फुले नाहीशी झाली. शोध घेतला तेव्हा ती घुशीच्या बिळात सापडली. घूस चार दिवसांची उपाशी होती आणि तिला पाच पिल्ले होती. तिने काही लपवले नाही. "घेतली मी," ती म्हणाली. "पिल्लं रडत होती. उरलीत तेवढी परत देते."

पण जंगल घाबरले होते. जो तो आपल्या बिळाच्या तोंडाशी बसून शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. हे कोल्ह्याने बरोबर हेरले. आजवर त्याला कोणी विचारत नसे. तो एका उंच खडकावर चढला आणि म्हणाला, "आपण फार मऊ वागलो. आता कडक नियम हवा. दुसऱ्याचं अन्न घेताना जो सापडेल, त्याची ओढ्यापलीकडच्या माळावर रवानगी. कायमची. सुरुवात घुशीपासून." त्या माळावर ना सावली होती ना पाणी, होती ती फक्त तरसं. तरीही सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळे कोल्ह्याला वाकून रामराम करू लागले.

मुलांनो, त्या जंगलाची एक जुनी रीत होती. नवा नियम करायचा तर आठ दिवसांनी सगळ्यांनी एकेक चिंचोका घेऊन वडाखाली जमायचे. तिथे दोन खळगे होते. उगवतीकडचा खळगा 'हवा'चा, मावळतीकडचा 'नको'चा. ज्यात चिंचोके जास्त, तसे घडायचे.

खार तडक कासवाकडे गेली. कासव जंगलात सर्वांत वयस्कर. "आजोबा, तुमचा शब्द कोणी मोडत नाही. तुम्ही बोला ना."

"असे नियम मी पुष्कळ पाहिलेत, पोरी," कासव म्हणाले. "येतात नि जातात. दमानं घ्यावं."

"तुमचा दम निघेपर्यंत घूस माळावर पोचलेली असेल."

"बघू," असे म्हणून कासवाने मान कवचात ओढून घेतली. खारीने कवचावर दोनदा टकटक केली. "आजोबा, आत बसून काय दिसणार आहे तुम्हांला?"

मग ती एकटीच निघाली. या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत ती सगळ्यांना सुनावू लागली. "लाज वाटत नाही? उपाशी आईला माळावर धाडता? घाबरट कुठले." तीन दिवस ती अशी ओरडत फिरली आणि झाले भलतेच. ज्यांचे मन अजून ठरले नव्हते, तेही कोल्ह्याकडे झुकले. शेवटी साळुंकी तिला म्हणाली, "राग मानू नकोस, खारूताई. पण तू आलीस की मी पिल्लांना आत घेते. तुझं बरोबरही असेल, पण ऐकवत नाही."

खार चिडून घुशीकडे गेली. घूस पिल्लांना पोटाशी घेऊन बसली होती. "माझ्यासाठी इतकी भांडू नकोस, बाई," ती हळूच म्हणाली. "एवढं कर. माळावर पिल्लांना खायला काय मिळतं, ते कुणाला तरी विचारून ठेव."

चौथ्या दिवशी सकाळी भूक लागली म्हणून तिने एका झाडाच्या बुंध्याशी उकरले, बेहड्याची बी काढली आणि फोडून खाल्ली. इतक्यात शेजारची म्हातारी खार खाली उतरली. "अगं, ती मी पुरलेली."

"छे, मावशी. माझीच होती."

"कधी पुरली होतीस?"

खारीला आठवेना. म्हातारीलाही आठवेना. मग म्हातारी हसली. "आपलं खारींचं असंच असतं गं. तू माझं खातेस, मी तुझं खाते. आणि दोघींनाही सापडत नाही, त्याचं झाड होतं."

खार जागच्या जागी थबकली. तिच्या मिशांना अजून टरफल चिकटलेले होते. कोल्ह्याच्या नियमाने पाहिले तर आज तिलाच माळावर जावे लागले असते.

त्या दिवसापासून तिने ओरडणे सोडले. ती एकेकाच्या दाराशी जाऊन बसू लागली. आधी स्वतःची बेहड्याची गोष्ट सांगे, मग एवढेच विचारी, "तुमच्या हातून कधी असं झालंय का?" आणि मग ती गप्प बसे. गप्प बसणे तिला उपाशी राहण्याहून जड जात होते. पण तिच्या त्या गप्प बसण्यात एकेकाला काहीबाही आठवू लागे. सशाला शेजारणीचा कोवळा पाला आठवला. साळुंकीला सुतारपक्ष्याची ढोली आठवली. "तो परत यायच्या आत मी अंडीच घातली होती," ती ओशाळून म्हणाली. ज्याला आठवे, त्याला खार सांगे, "आता तुम्ही आणखी दोघांना विचारा." साळुंकीने झाडांचे शेंडे घेतले, सशाने गवत घेतले. सातव्या दिवशी फक्त अस्वल उरले.

"त्याला उद्या सगळ्यांसमोर मधाचं विचार," साळुंकी म्हणाली. "मधमाश्यांची पोळी कोण लुटतं? चांगलं नाक कापलं जाईल."

खारीची जीभ वळवळली. पण आपल्या मिशांवरचे टरफल तिला आठवले. ती एकटीच गुहेपाशी गेली. "अस्वलकाका, तुमची फुलं गेली ते फार वाईट झालं. किती दिवस वेचत होता?"

अस्वलाने तिच्याकडे पाहिले. "महिनाभर," ते म्हणाले. "कोल्हा रोज येतो. पण हे त्यानं कधी विचारलं नाही." मग ते बराच वेळ फुलांविषयीच बोलत राहिले आणि खारीने सगळे ऐकून घेतले. शेवटी तिने बेहड्याची गोष्ट सांगितली. पुढचे काही विचारलेच नाही. अस्वल उगीचच नाक खाजवू लागले. माश्या डसल्याच्या जुन्या खुणा होत्या तिथे.

आठव्या दिवशी सगळे वडाखाली जमले. घूस पिल्लांसह एका बाजूला उभी होती. निघायची वेळ आलीच तर पिल्लांनी मागे राहू नये, म्हणून तिने त्यांना एकमेकांच्या शेपट्या धरायला सांगितले होते. कोल्हा म्हणाला, "चला, चिंचोके टाका. चोर नाही तर चोरी नाही." पण पहिला चिंचोका टाकायला कोणी पुढे होईना.

तेव्हा अस्वल उठले. "चोरी माझी झाली," ते म्हणाले. "तेव्हा आधी मीच टाकतो." आणि त्याने चिंचोका मावळतीच्या खळग्यात टाकला. "घुशीला माळावर धाडून माझी फुलं परत येत नाहीत. तिनं मला गुहेत एक खोल तळघर उकरून द्यावं. तिच्याइतकं उकरायला येतं कुणाला? आणि मधमाश्यांनी माझी तक्रार आणली, तर मीही काहीतरी भरून देईन म्हणतो."

"पावसाळ्याआधी देते उकरून," घूस म्हणाली.

मग चिंचोके खळाखळा पडू लागले. काही 'हवा'च्या खळग्यातही पडले; भीती काही एका आठवड्यात जात नाही. पण मावळतीचा खळगा काठोकाठ भरला आणि चिंचोके बाहेर सांडू लागले. कोल्ह्याने मोजायचाही आग्रह धरला नाही.

पिल्लांनी एकमेकांच्या शेपट्या सोडल्या. घूस तिथेच वडाच्या सावलीत आडवी झाली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, गाढ झोपली. खारही एका फांदीवर पोट टेकून, चारी पाय खाली सोडून पडली. ती काहीच बोलत नव्हती. तिला बरे नाही की काय, असे सशाला वाटले.

ऊन कलल्यावर चिंचोका तोंडात धरून कासव येऊन पोचले. त्याने तो खाली ठेवला आणि विचारले, "झालं का गं सगळं?"

"झालं, आजोबा."

"मी परवाच निघालो होतो," कासव म्हणाले. "त्या दिवशी तू कवच फारच जोरात वाजवलंस."

खारीच्या तोंडात एक चांगले धारदार वाक्य तयार होते. ते तिने गिळले. ती फांदीवरून उतरली, सांडलेले चिंचोके बाजूला सारून त्याला वाट करून दिली आणि म्हणाली, "या. अजून एकाची जागा आहे." कासवाने आपला चिंचोका मावळतीच्या खळग्यात टाकला.

तात्पर्य : दुसऱ्याला कडक शिक्षा मागण्याआधी आपल्या मिशांना काय चिकटले आहे ते पाहावे; आणि इतरांनी ते पाहावे असे वाटत असेल, तर आधी आपले दाखवावे.