कांदळवेळचा ठेचेचा धोंडा

कांदळवेळच्या धक्क्यावर उतरून वेळेश्वरीच्या देवळाकडे निघालं, की विहिरीपाशी पाहुण्याला हमखास ठेच लागते. पाऊलवाटेच्या ऐन मध्यावर दोन हातांनी उचलावा एवढा काळा धोंडा आहे. बाकी वाट झाडून लख्ख, पण धोंडा कोणी हलवत नाही. अंगठा धरून खाली बसलेल्या पाहुण्याला देवळात दिवाबत्ती करणाऱ्या बायजाक्का आधी तांब्याभर पाणी देतात आणि मग म्हणतात, "लागलं ना? आता घटकाभर बसाल, म्हणजे नीट ऐकाल."

त्या सांगतात ते असं.

फार पूर्वी या बंदरात मोठी गलबतं लागत. टोपीकर यायचे, म्हणजे गोरे व्यापारी, आणि रूमी यायचे. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातले. या दोघांच्याही भाषा येणारा गावात एकच माणूस होता, रंगोजी शेणवी. त्याच्यावाचून बंदरावर कोणाचं पान हलत नसे आणि ते त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

एका वर्षी टोपीकरांच्या गलबतातून इलियास नावाचा एक आजारी रूमी उतरला. तापानं फणफणलेला. त्याला माडाच्या बागेतल्या खोपटात ठेवलं. गावात उमाळी नावाची खारव्याची बायको होती. तिचा नवरा धाकू खलाशी म्हणून गेला होता, त्याला दोन पावसाळे झाले होते. तो उतरला तेव्हाच पाणी घेऊन धक्क्यावर गेलेल्या उमाळीनं त्या रूम्याच्या कमरेला शिंपल्याच्या मुठीची सुरी पाहिली आणि तिच्या हातची घागर सुटली. ती सुरी धाकूची होती. मूठ तिनंच बसवलेली.

ती तशीच रंगोजीच्या दारी गेली. "रंगोजीबाबा, एकदा चला. त्याला विचारा, माझा माणूस कुठे आहे."

रंगोजी जेवून सुपारी कातरत होता. म्हणाला, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आज माल उतरतोय." तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, माणूस पळून का जातोय?"

चौथ्या दिवशी सकाळी उमाळी एकटीच खोपटाकडे गेली. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून झाकून पेज नेली. रूमी हातवारे करून सांगत राहिला. तिला थोडं कळलं, बरंच कळलं नाही. डोळे पुसत बाहेर पडली, तेव्हा समोरून रंगोजी येत होता. ती पदर सावरून निघून गेली.

रंगोजी तिथून न्हाव्याकडे गेला. न्हावी म्हणाला, "काय शेणवीबाबा, सकाळी सकाळी कुठली बातमी?"

"बातमी कसली! रूम्याला आमच्याकडची पेज मानवली म्हणायची. उमाळी स्वतः पोचवते."

न्हावी हसला, रांगेतले दोघे हसले. रंगोजी एवढंच बोलला म्हणे. त्याच्या मनात वाईटही नव्हतं, नुसती जीभ चाळवली होती. पण दुपारी तो पानावर बसला, तर बायको वाढता वाढता म्हणाली, "ऐकलंत? उमाळीला तिसरा महिना आहे म्हणे."

रंगोजीचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? सगळेच म्हणतात."

रूमी उतरून आठवडाही झाला नव्हता! त्यानं बोलायला तोंड उघडलं, आणि मग भात कालवला.

त्या काळी गावात एक रीत होती. ज्या बाईचा बोभाटा होई, तिची घागर विहिरीच्या काठावर पालथी घालत. मग तिच्याशी कोणी बोलायचं नाही. पुढे बैठकीत दोष ठरला, तर तिला वल्ह्याविना होडीत बसवून ओहोटीला सोडायचं. संध्याकाळी उमाळी आपल्या लहान पोरीला घेऊन पाण्याला आली, तर तिच्या दोन्ही घागरी पालथ्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी बैठक भरली. रूमी टोपीकरांच्या गलबतातला, म्हणून त्यांचा म्हातारा व्यापारीही आला. रूम्याला दोघांनी धरून आणलं. मधे रंगोजी उभा. इकडचं तिकडे सांगायचं काम त्याचंच.

व्यापाऱ्यानं विचारलं, "या बाईचं काय झालंय?" रंगोजीनं त्यांच्याच भाषेतला शब्द सांगितला, स्कँडल. म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "आमचे धर्मगुरू सांगायचे, हा शब्द जुन्या ग्रंथांतला. चालत्या माणसानं पडावं म्हणून वाटेत ठेवलेला धोंडा, असा त्याचा अर्थ. मग ही पडली ते दिसतंय. धोंडा कोणी ठेवला?"

रंगोजीनं ते गावाला सांगितलं.

मग रूम्याला विचारलं. तापलेल्या अंगानं त्यानं गाठोड्यातून एक सैल धनुष्य काढलं. "आम्ही याला केपाझे म्हणतो. नवशिक्यांचं धनुष्य. याला बाण लागत नाही, नेम धरायचा नसतो. येईल त्यानं ओढायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. ज्याची अब्रू गेली, त्यालाही आमच्याकडे हाच शब्द. तुम्ही काल दिवसभर हिला ओढत होतात." मग त्यानं कमरेची सुरी उमाळीच्या पायाशी ठेवली. "हिचा नवरा वादळात गेला. डोलकाठी कोसळली, दोरात आम्ही चौघे अडकलो होतो. त्यानं या सुरीनं दोर कापले. चौथा मी. मला सुरी दिली आणि…"

रंगोजी एकेक वाक्य मराठीत सांगत होता. उमाळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. 'आणि' म्हणून रंगोजी थांबला. रूमी पुढे बोलतच होता, पण रंगोजीच्या तोंडून शब्द फुटेना.

रंगोजी खाली बसला. "धोंडा मी ठेवला," तो म्हणाला. "न्हाव्याकडे पहिला शब्द माझा. आणि त्याआधी ही तीनदा माझ्या दारी आली होती."

मग कोणीतरी ओरडलं, "यालाच घाला होडीत!" कालपर्यंत उमाळीसाठी होडी बघणारेच आता रंगोजीला धरायला धावले.

तेव्हा उमाळी उठली. "त्यांना कोणी हात लावायचा नाही. ते गेले, तर माझ्या माणसाचं राहिलेलं कोण सांगेल? रंगोजीबाबा, उठा. 'आणि' म्हणालात. पुढे काय?"

मग रंगोजी उठला आणि शेवटच्या शब्दापर्यंत सगळं बोलला. धाकूनं पोरीसाठी काय निरोप ठेवला होता, तेही बोलला. तो निरोप काय होता, हे बायजाक्का कोणाला सांगत नाहीत. तो त्या पोरीचा होता, म्हणतात.

ऊन कलताना रंगोजीनं खाडीतून हा धोंडा स्वतः वाहून आणला आणि उमाळी जिथे पालथ्या घागरींसमोर उभी राहिली होती, तिथे ठेवला. वेळेश्वरीपुढे शपथ घेतली, की नावानिशी, भरल्या गावात सांगता येणार नाही ते कोणाच्याही माघारी बोलणार नाही. रूमी बरा होऊन गेला, धनुष्य ठेवून गेला. ते देवळात खुंटीला आहे. धोंडा हलवला तरी सकाळी जागेवर येतो, असं काही लोक सांगतात. बायजाक्का म्हणतात, "मी तर हलवायला पुढे आलेला माणूसच अजून पाहिला नाही."

आजही कोणी कोणाचं काही सांगायला आलं, तर कांदळवेळात एवढंच विचारतात, "धोंड्यावर उभं राहून सांगशील?" बहुतेक बायका आणि झाडून सगळे पुरुष तिथूनच मागे फिरतात. आणि आजही विहिरीच्या काठावर पाहा, घासलेली, रिकामी घागरसुद्धा इथे कोणी पालथी घालत नाही. पावसाचं पाणी साठतं, पानं पडतात, तरी उताणीच ठेवतात.

त्यातल्याच एका घागरीतलं पाणी बायजाक्का तुमच्या ठेचाळलेल्या अंगठ्यावर घालतात.