ठिपकीचं उंबर

डोंगर होता. डोंगरावर दाट रान होतं. रानात उंबराचं झाड होतं. आणि झाडाखाली कोण होतं? झाडाखाली ठिपकी होती.

ठिपकी होती पिसोरी. पिसोरी म्हणजे इवलंसं हरीण. सशाएवढं! शिंगं नाहीत. पाय काडीसारखे. अंगावर पांढरे पांढरे ठिपके. म्हणून तिचं नाव ठिपकी.

आई म्हणाली, "ठिपके, आज तुझं खाणं तू शोध हं. मी इथेच आहे, झुडपामागे."

ठिपकीने शोधलं. नाकाने हुंगलं. पायाने पानं सारली. आणि काय सापडलं? एक उंबर! लाल लाल. गोल गोल. पिकलेलं.

"माझं उंबर! मी शोधलं!"

ठिपकीने तोंड उघडलं. पण आधी नाकच लागलं. उंबर घरंगळलं. गडगड गडगड, गडगड गडगड, उतारावरून खाली... आणि थेट एका बिळात. धुप्प!

आत्ता होतं. आत्ता नाही. ठिपकी बघतच राहिली.

बिळात कोण होतं? बिळात होते साळिंदरआजोबा. अंगभर लांब लांब काटे. काळे-पांढरे. आजोबा दिवसा झोपतात आणि रात्री फिरतात.

"आजोबा, आजोबा, माझं उंबर द्या ना."

"ते होय?" आजोबा जांभई देत म्हणाले. "ते माझ्या पाठीवर पडलंय. काट्यात अडकलंय. बाहेर येऊन अंग झाडलं की पडेल. पण दारात बघ. मुंग्याच मुंग्या! मुंग्या हटल्या तर मी उठेन. मी उठेन तर उंबर पडेल. जा, खवल्यादादाला सांग. तो मुंग्या खातो."

उंबर माझं. मग मुंग्या कशाला? असं कसं? का बरं? ठिपकीला काही कळेना. पण ती निघाली.

टिपटिप टिपटिप. टिपटिप टिपटिप.

खवल्यादादा म्हणजे खवल्या मांजर. नावाचं मांजर हं, म्याऊ करत नाही. अंगावर खवलेच खवले. जीभ लांबच लांब. दादा गोल गोल गोळा होऊन बसला होता. डोकं कुठे, शेपूट कुठे, कळतच नव्हतं. ठिपकी शेपटीशीच बोलली.

"दादा, दादा, मुंग्या खा ना."

"मी इकडे आहे!" दादा दुसरीकडून म्हणाला. "काय झालं गं ठिपके?"

"मुंग्या उंबरात... नाही, आजोबा मुंग्यात... थांब हं, पहिल्यापासून सांगते.

उंबर गेलं बिळात,
मुंग्या आल्या दारात,
आजोबा काही उठेनात!"

दादा म्हणाला, "मुंग्या मला आवडतात. पण मी उलगडलो, आणि बिबट्या आला तर? मी नाही उलगडणार. वानरकाका शेंड्यावरून बघतील. बिबट्या नसेल तर हूप म्हणतील. हूप ऐकलं तर मी उलगडेन. जा, वानरकाकांना सांग."

उंबर माझं. मग बिबट्या कशाला? असं कसं? का बरं? ठिपकीला काही कळेना. पण ती निघाली.

टिपटिप टिपटिप. टिपटिप टिपटिप.

वानरकाका झाडावर बसले होते. तोंड काळं. शेपूट लांब. शेपूट खाली लोंबत होतं. ठिपकीला वाटलं, वेलच आहे!

"काका, काका, शेंड्यावर चढा ना."

"कशाला गं ठिपके?"

"उंबर उलगडेना... नाही, बिबट्या बिळात... नाही नाही! थांबा हं, पहिल्यापासून सांगते.

उंबर गेलं बिळात,
मुंग्या आल्या दारात,
आजोबा काही उठेनात,
दादा काही उलगडेना!"

काका पोट खाजवत म्हणाले, "चढायला मला काय! पण वर बघ. शेंड्याजवळ मधमाश्यांचं पोळं. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं! मी नाही चढणार. अस्वलमामा पोळं काढतील तर मी चढेन. जा, अस्वलमामांना सांग."

उंबर माझं. मग मध कशाला? असं कसं? का बरं? ठिपकीला काही कळेना. पण ती निघाली.

टिपटिप टिपटिप. टिपटिप टिपटिप.

अस्वलमामा खडकाला टेकून बसले होते. केस काळे काळे. नखं वाकडी वाकडी. मान एका बाजूला कलली होती. मामांची मान तिरकी, म्हणून ठिपकीनेही मान तिरकी केली.

"मामा, मामा, पोळं काढा ना."

"हुं? कुणासाठी गं ठिपके?"

"मध काकांना... नाही, दादा पोळ्यात... अं... अं..." ठिपकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग तिने एक मोठ्ठा श्वास घेतला. "थांबा हं, पहिल्यापासून सांगते.

उंबर गेलं बिळात,
मुंग्या आल्या दारात,
आजोबा काही उठेनात,
दादा काही उलगडेना,
काका काही चढेनात!"

"मध!" मामांनी जीभ फिरवली. पण लगेच कळवळले. "आई गं! माझ्या कानात गोचीड शिरलीय. टुचटुच टोचतेय. मी नाही हलणार. मैनामावशी चोचीने गोचीड काढेल तर मी हलेन. जा, मैनामावशीला सांग."

उंबर माझं. मग कान कशाला? असं कसं? का बरं? ठिपकीला काही कळेना. पण ती निघाली.

टिपटिप टिपटिप. टिपटिप टिपटिप.

मैनामावशी करवंदीच्या जाळीवर होती. इकडून तिकडे उडत होती. तिकडून इकडे उडत होती. पिवळी चोच उघडून ओरडत होती. क्यांव क्यांव! क्यांव क्यांव!

"मावशी, मावशी, गोचीड काढ ना."

"कुणाची गं ठिपके?"

"काकांच्या... मामांच्या... माझ्या उंबराच्या कानातली!" ठिपकी मटकन खाली बसली. "थांब हं, पहिल्यापासून सांगते.

उंबर गेलं बिळात,
मुंग्या आल्या दारात,
आजोबा काही उठेनात,
दादा काही उलगडेना,
काका काही चढेनात,
मामा काही हलेनात!"

मावशी म्हणाली, "कशी येऊ गं? माझं पिल्लू पहिल्यांदाच उडलं आणि जाळीत पडलं. आत काटेच काटे. माझे पंख अडकतात. कुणीतरी इवलंसं हवं. पाय बारीक हवेत. शिंगं नकोत. पिल्लू बाहेर येईल तर मी येईन."

आतून आवाज आला. चीं... चीं... अगदी बारीक.

ठिपकी उठली. "थांब मावशी. मी शोधून आणते." ती विचार करू लागली. इवलंसं कोण बरं? ससा? नको, त्याचे कान अडकतील. भेकर? नको, त्याला शिंगं आहेत. मग कोण? ठिपकीने इकडे पाहिलं. ठिपकीने तिकडे पाहिलं.

"अगं ठिपके," मावशी म्हणाली, "तूच की!"

"मी?"

ठिपकीने आपले पाय पाहिले. बारीक होते. डोक्यावर शिंगं? नव्हती.

"पण मी तर उंबर मागायला आले होते!"

चीं... चीं...

जाळी काळोखी होती. काटे टोकदार होते. ठिपकीने कान मिटले. मान वाकवली. पोट जमिनीला टेकवलं. आणि सरपट सरपट, सरपट सरपट, ती आत शिरली.

एक काटा पाठीला लागला. ओय! एक काटा कानाला लागला. ओय ओय! पण ती थांबली नाही.

आत मैनेचं पिल्लू होतं. थरथर कापत होतं. डोळे घट्ट मिटून बसलं होतं.

"चल," ठिपकी म्हणाली.

"नाही."

"चल ना रे."

"भीती वाटते."

आता काय करायचं? ठिपकीला काही सुचेना. तिला एवढंच येत होतं. मग तिने तेच सांगितलं.

"उंबर गेलं बिळात,
मुंग्या आल्या दारात,
आजोबा काही उठेनात,
दादा काही उलगडेना,
काका काही चढेनात,
मामा काही हलेनात,
मावशी काही येईना!"

पिल्लाने एक डोळा उघडला. "काय काय? कोण उठेना?"

"आजोबा."

पिल्लाने दुसरा डोळा उघडला. "मग उंबराचं काय झालं?"

"माहीत नाही. बघायला येतोस?"

"येतो!"

पुढे ठिपकी, मागे पिल्लू. सरपट सरपट, तुरुतुरु. सरपट सरपट, तुरुतुरु. दोघं जाळीबाहेर आली! मावशीने पिल्लाला चोचीने कुरवाळलं. पिल्लाने पंख हलवले. फडफड फडफड! आणि ते खालच्या फांदीवर जाऊन बसलं.

आता काय झालं?

मावशी उडाली भुर्रर्र! गोचीड काढली टुच्च!

मामा हलले हुश्श! झाडावर चढले खरखर खरखर! पोळं काढलं, मध चाटला लपलप लपलप! मधमाश्या गेल्या गुंईं गुंईं!

काका चढले सरसर सरसर! शेंड्यावरून सगळं रान पाहिलं. बिबट्या? नाही. कुठेच नाही. काका ओरडले, "हूप! हूप! हूप!"

दादा उलगडला. आधी शेपूट, मग पाठ, मग डोकं! लांब जीभ काढली. मुंग्या खाल्ल्या चटचट चटचट! उरलेल्या पळाल्या सुळसुळ सुळसुळ!

ठिपकी पिल्लाला घेऊन बिळापाशी परत आली. आणि आजोबा? आजोबा उठले! बिळाबाहेर आले. काटे फुलवले. अंग झाडलं. खुळखुळ खुळखुळ! खुळखुळ खुळखुळ!

टप्प!

उंबर पडलं. ठिपकीच्या पायाशी. त्याला काट्याचं एक भोक पडलं होतं. जरासं चेपलंही होतं. पण होतं लाल लाल. होतं गोल गोल.

"घे बाळा," आजोबा म्हणाले. "तुझं उंबर."

आजोबा उठले, कारण मुंग्या हटल्या. मुंग्या हटल्या, कारण... कारण काका... की मामा? ठिपकीला अजूनही नीट कळलं नव्हतं. पण या वेळी तिने उंबरावर पाय ठेवला. घट्ट! मग तोंड उघडलं. आणि उंबर खाल्लं.

मचमच मचमच. मचमच मचमच.

गोड होतं!

उंबर ठिपकीच्या पोटात,
गोष्ट तुमच्या ओठात!