मग जिंकलं कोण?

फार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कारखान्यात एक पांढरीशुभ्र स्पोर्ट्स कार जन्मली. रूप देखणं, पण इंजिन साध्या घरगुती मोटारीचं. पहिल्याच शर्यतीत ती मागे पडली. लोक हसले, तिला फार वाईट वाटलं. मालक म्हणाले, "ही गाडी बनवणं बंद करा."

एका इंजिनिअरला ते पटेना. त्याने तिच्यात दांडगं इंजिन बसवलं, मग दिवे बदलले, मग दारंही. पुढची शर्यत ती जिंकली, पण पार गोंधळली.

"ट्रककाका," तिने शेजारच्या जुन्या ट्रकला विचारलं, "माझं सगळंच बदललं. मग जिंकलं कोण?"

"हरल्यावर वाईट कुणाला वाटलं होतं?"

"मलाच."

"मग झालं तर!"

तिला ते पुरतं कळलं नाही. पण सकाळी कारागीर नवं छप्पर घेऊन आले, तेव्हा ती घाबरली नाही.