जस्त कुठे गेले?

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी जस्ताची भट्टी चालवणारे एक वृद्ध धातुज्ञ राहत असत. खाणीतला दगड फोडायचा, कुटून पाण्यात धुवायचा, मातीच्या मुशींत भरून तापवायचा आणि खाली ठिबकणारे जस्त गोळा करायचे, हा त्यांचा व्यवसाय. भट्टीचा कारभार त्यांनी नुकताच आपल्या शिष्याकडे सोपवला होता.

दगड पारखून शिष्याने अनुमान बांधले, या खेपेला दहा शेर जस्त उतरेल. उतरले सहा शेर. त्याने पुन्हा भट्टी लावली, पुन्हा सहाच.

“आचार्य, चोरी होते आहे,” तो म्हणाला. “कुटलेला दगड धुण्याचे काम एकट्या भिवराबाईंकडे असते. उद्यापासून त्यांचे काम बंद करतो.”

भिवराबाई तिथेच उभ्या होत्या. “वीस वर्षं या पाण्यात हात आहेत माझे,” त्या म्हणाल्या. “घराची झडती घ्या.”

आचार्यांनी झडती घेतली नाही. त्यांनी आपले काळे घोंगडे भिजवले आणि पेटत्या भट्टीच्या वर, उंच टांगले. मग धुण्याचे पाणी वाहून नेणाऱ्या चराच्या तोंडाशी साचलेला गाळ आणि भट्टीमागे फेकलेली, मुशींत उरलेली जळकी मळी कुटून, कोळशाच्या चुऱ्यासह एका मुशीत भरली आणि तीही तापवायला ठेवली. टाकाऊ मातीसाठी एवढा खटाटोप कशाला, शिष्याला कळेना.

दिवस कलताना त्या मुशीखाली जस्ताचे थेंब साचले होते. घोंगडे उतरवले, तर त्यावर पीठ चाळल्यासारखा पांढरा थर.

“हे काय?” शिष्याने बोट फिरवून पाहिले.

“जस्तच. तापल्यावर ते वितळून थांबत नाही, त्याची वाफ होते. सांध्याला केसाएवढी फट असली तरी वाफ निसटते, जळते आणि अशी भुकटी होऊन उडते. थोडे पाण्याबरोबर गेले, थोडे मळीत अडकले, थोडे धुरात. तुला मात्र एकच जागा दिसली, कारण तिथे माणूस उभा होता. मुशींचे सांधे कोणी लिंपले?”

“मी,” शिष्य हळूच म्हणाला. “म्हणजे यापुढे काहीच वाया जाणार नाही?”

“थोडे जाईलच. ते कुठून जाते, याचा शोध सोडायचा नाही.”

शिष्य चराकडे गेला. भिवराबाई आपली टोपली आवरत होत्या.

“बाई, चुकलो मी. क्षमा करा.”

त्यांनी टोपली खाली ठेवली. “चराला उतार फार आहे, जस्ताचा जड चुराही वाहून जातो. दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.”

शिष्याला आठवले. दोन्ही वेळा तो ‘बरं’ म्हणून पुढे गेला होता. तो चराकाठी उकिडवा बसला.

“आता सांगा,” तो म्हणाला.