माळढोकाची बायको

एका राज्यात सोनं फार होतं, म्हणून तिथल्या राजाला आणखी सोनं हवं होतं. वाळवंटात एका मांत्रिकाचा खजिना आहे असं कळताच त्याने फौज धाडली. खजिन्याला हात लागताच मांत्रिकाने फौजेची जनावरं केली आणि वाळूत सोडून दिली. राजाला अतोनात दुःख झालं. खजिना मिळाला नव्हता.

मग वाळवंटातून एक टिटवी आली आणि वेशीवर बसून बोलली, "फौज परत हवी तर अटी तीन. बायकांनी पायी यावं. वाटेत कुठल्या जिवाला दगड मारू नये. आणि प्रत्येकीने आपला नवरा ओळखून त्याला नावाने हाक मारावी. शेवटचं नाव घेतलं जाईतो परतीची वाट मिळणार नाही."

तिसरी अट ऐकून बायकांनी पदर तोंडाला लावले. त्या राज्यात नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होई. घ्यायचंच तर उखाण्यात, यमक जुळवून. यमक जुळलं की यमदूत फसतो, असा समज होता.

नगारची शिदोजी याची बायको सगुणा मनातून धास्तावली. लग्नात तिला उखाणा सुचला नव्हता. करवल्यांचं हसू अजून ओसरलं नव्हतं.

टिटवी पुढे, बायका मागे. वाळूने तळवे सोलून निघाले. चिंकारे उड्या मारत आडवे गेले. एका फुरशाने अंगाला अंग घासून करकर केली आणि वाट सोडली. खोकडांनी बिळातून कान काढले. सगुणाला राहवलं नाही. तिने हाक मारली, "अहो!"

वाळवंटातल्या झाडून साऱ्या जनावरांनी माना वळवल्या.

"माझे ते सिंह असणार," सेनापतीची बायको तुळजाबाई म्हणाली.

खडकावर एक घोरपड गळा फुगवून बसली होती. "यांच्याकडे जरा नीट बघा," टिटवी म्हणाली.

तुळजाबाईने बघितलं. बसण्याची ढब ओळखीची निघाली. तिने सुस्कारा सोडला आणि उखाणा घेतला:

"निवडुंगाच्या फुलाला काट्यांचा पहारा,
जयपाळरावांचं नाव घेते, माणसात या जरा."

सेनापती उठून उभे राहिले. "माझा घोडा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मग उखाण्यांना ऊत आला. खोकडं उठली, चिंकारे उठले, माणसं होऊन बायकांकडे पाणी मागू लागली. सगुणा एकटी पुढे पुढे चालत राहिली.

नेपतीच्या काटेरी झुडपाच्या विरळ सावलीत एक माळढोक पडला होता. चोच उघडी, एक पंख वाळूत लोळलेला. तिला पाहून त्याने गळ्यातून घुमवलं. दोन ठोके, थोडी उसंत, मग एक ठोका. राजवाड्यावर सांजेचा नगारा शिदोजी असाच वाजवी.

"हेच ते," सगुणा म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली.

"नाव घे," टिटवी म्हणाली. "जीव थोडाच उरलाय."

"घेते. यमक तेवढं जुळू दे."

"अगं सगुणे, काहीही जुळव!" मागून तुळजाबाई ओरडली.

"चुकलं आणि ह्यांचंच आयुष्य कमी झालं तर, बाईसाहेब?"

तिने सुरुवात केली, "नगाऱ्यावर पडली टिपरी..." आणि अडली. बायका धावून आल्या. एक म्हणाली 'खापरी', दुसरी म्हणाली 'खापरीला अर्थ काय?' आणि त्यावर वाद लागला. माळढोक सगुणाकडे बघत होता. त्याने दोन ठोके घुमवले. मग उसंत. ती उसंत सरलीच नाही.

तेवढ्यात तिला यमक सुचलं. फार सुरेख होतं. तिने ते कुणालाही, कधीही सांगितलं नाही.

"शिदोजी," ती म्हणाली. नुसतंच.

अट पुरी झाली. माळढोकाचा माणूस झाला. जिवंत मात्र झाला नाही.

वाळू दुभंगली, परतीची वाट उघडली, शाप फिटला. सेनापतींनी फौज रांगेत उभी केली. चौघांनी शिदोजीला खांद्यावर घेतलं. रांगेतून पुन्हा 'अहो' ऐकू येऊ लागलं: अहो, जपून, अहो, काटा आहे.

सगुणा खांदेकऱ्यांच्या मागून चालत होती. थोड्या थोड्या वेळाने ती हाक मारी, "शिदोजी." आतल्या खोलीतल्या माणसाला जेवायला बोलवावं, तशी.

"अगं, नुसतं नाव..." तुळजाबाई सवयीने बोलून गेली आणि थबकली.

"आता काय कमी व्हायचंय, बाईसाहेब?" सगुणा म्हणाली, आणि तिने पुन्हा हाक मारली.