कोळ्याचा दोर

खूप खूप मागची गोष्ट. एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं गाव होतं. कड्याला मधाची पोळी लटकत आणि माणसं कमरेला वेलींचा दोर बांधून खाली उतरत. दोर धरायचा तो बायकोच्या भावानंच, अशी तिथली रीत. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो दोर कसा सोडेल?

येसाला मात्र ही रीत पटत नसे. मेहुण्याच्या हाती जीव द्यायला तो काय लेचापेचा होता? तो आपला या कपारीवरून त्या कपारीवर उड्या मारत जाई.

त्याच कड्यावर एक चिमुकला कोळी राही. अंगानं करडा, केसाळ, आणि पुढे दोन टपोरे डोळे. तो जाळं विणत नसे. दबा धरून माशीवर झेप घेई. येसा बायकोला म्हणे, "बघ ताना, ह्यो माझा गुरू! ना जाळं, ना दोर. मग मला कशाला?"

"आवं, दादाला धरू द्या की दोर," ताना काकुळतीला येई. येसा ते हसण्यावारी नेई.

एका सकाळी ताना माथ्यावर उभी होती. येसा उडी घेणार, एवढ्यात शेजारीच बसलेल्या त्या कोळ्यानं माशीवर झेप टाकली. नेम चुकला. कोळी थेट दरीत गेला.

"मेला!" येसा ओरडला.

आणि बघतो तर काय, कोळी हवेतून वर चढत होता! कोवळ्या उन्हात एक धागा चमकला. त्याचं टोक खडकाला चिकटवलेलं होतं, जिथून झेप घेतली अगदी तिथंच. कोळी वर आला, सगळं तोंड वळवून त्यानं येसाकडे पाहिलं, धागा पुन्हा खडकाला टेकवला आणि मगच उडाला.

म्हणजे हा एकदाही दोराशिवाय उडाला नव्हता! येसा काठावरून मागे सरला. "ताना, दादाला हाक मार," तो म्हणाला.

येसानं कमरेला दोर बांधला, मेहुण्यानं तो धरला. येसानं रोजच्याच कपारीवर उडी घेतली, आणि ती कपार त्याच्या पायाखालून निखळली. ती आपटल्याचा आवाज किती तरी वेळानं वर आला. येसा दोराला लोंबकळत होता, दोन्ही हातांनी तो घट्ट धरून. वर ताना भावाच्या कमरेला घट्ट मिठी मारून उभी होती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या उडीला भुलू नये, आधी त्याचा दोर पाहावा.