गुडघ्याचं चूर्ण आणि गावची पायली

एका गावात दर बुधवारी बाजार भरायचा, आणि त्या बाजारात आजारांपेक्षा औषधं जास्त मिळायची. चिंचेखाली ओळीनं औषधवाले बसत. कुणाकडे सत्तर रोगांवर एकच तेल, कुणाकडे गुडघ्याचं चूर्ण, कुणाकडे नुसती मुळी आणि तोंडाचा पट्टा. लोक घ्यायचे, प्यायचे, चोळायचे. बरं वाटलं तर औषधाचा गुण, नाही वाटलं तर आपलं नशीब, असा सगळा मामला.

एका बुधवारी तेलवाल्याचं तेल चोळून एका पोराचं अंग फोडांनी भरलं. गाव खवळलं. पाटलांनी हुकूम सोडला, "बाहेरगावचे औषधवाले सगळे हाकला. आपले तेवढे राहू द्या."

तेव्हा गावची सुईण भिवराबाई पुढे आली. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली, त्यामुळे पाटीलसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसत.

"पाटील, फोड काय गाव विचारून येतात होय? हाकलायचं तर तपासून हाकला. बाहेरचा असो की घरचा."

"मग तूच तपास बाई," पाटील म्हणाले आणि मोकळे झाले.

भिवराबाई बोलून तर बसली, पण घरी जाता जाता तिच्या लक्षात आलं की आता भावालाही तपासावं लागणार. गुडघ्याचं चूर्ण विकणारा तिचा सख्खा थोरला भाऊ होता. आईबाप कधीच गेलेले. शेजारच्या वाडीतलं भावाचं घर हेच तिचं माहेर, आणि भाऊबीजेला जायला तेवढं एकच दार.

पुढच्या बुधवारी तिनं सगळ्या औषधवाल्यांना सांगितलं, "ज्यांना गुण आला अशी माणसं आणून दाखवा."

काय विचारता! तेलवाल्यानं दहा माणसं उभी केली. दहाही जणांनी आरती म्हणावी तसं एका सुरात तेलाचं कौतुक केलं. भावानंही दहा आणली. त्यांनी भर बाजारात उठाबशा काढून दाखवल्या. फक्त अडुळशाचा काढा विकणारी रानातली म्हातारी एकटीच आली.

"माझ्यासाठी कोण येणार?" ती म्हणाली. "माझा काढा साध्या खोकल्याला. कुणाला लागू पडतो, कुणाला नाही. आणि पंधरवड्यात खोकला गेला नाही तर माझ्याकडे येऊ नका, वैद्य गाठा."

लोक हसले. ही काय धंदा करणार, कपाळ!

"झालं तर मग," पाटील म्हणाले. "म्हातारीला उठवा, बाकीचे बसू द्या."

म्हणजे ज्याच्या तेलानं पोराला फोड आले, तो राहणार आणि म्हातारी जाणार! तेवढ्यात पलीकडे धान्याच्या रांगेत गलका झाला. एका व्यापाऱ्यानं घरची पायली आणली होती आणि पाटलांचा माणूस ती हिसकावून घेत होता. त्या गावात धान्य गावच्या पायलीनंच मोजायचं, असा रिवाज होता.

"पाटील, घरची पायली का चालत नाही?" भिवराबाईनं विचारलं.

"का म्हणजे? तो आपल्या सोयीची आणणार!"

"मग ही दहा-दहा माणसं कुणाच्या सोयीची?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हातारीला पुन्हा खाली बसायची खूण केली.

तिथंच भिवराबाईनं नवा नेम सांगितला. औषधात काय काय घातलंय ते आधी दाखवायचं. पहिला घोट, पहिलं बोट विकणाऱ्यानं स्वतः घ्यायचं. आणि महिन्यानं भिवराबाई जाऊन विचारणार, तेही विकणाऱ्यानं निवडलेल्यांना नाही, ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांना. गुण आला त्यालाही, नाही आला त्यालाही.

तेलवाल्यानं बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. "जरा जाऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच.

महिना सरला तशी भिवराबाई दारोदार फिरली. भावाचं चूर्ण चाळीस जणांनी घेतलं होतं. त्यातल्या सदतीस जणांचे गुडघे होते तसेच. "पण काकू, पोट मात्र लख्ख!" असं जो तो सांगत होता. पहिल्या चार घरी ती हसली. पुढे तिला रडू यायला लागलं. मनात आलं, वीसेक घरं गाळली तर कुणाला कळणार आहे? पण तिला तर कळलंच असतं. तिनं चाळीसही घरं पुरी केली.

बुधवारी तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "दादा, तुझं चूर्ण वाईट नाही. पण ते पोटाचं म्हणून विक. गुडघ्याचं नाव घेऊ नकोस."

"पोटाला कोण कुत्रं विचारतं?" भाऊ गरजला. "गिऱ्हाईक गुडघ्याला आहे! सख्ख्या भावावर उलटलीस, भिवरे. आजपासून तुला माहेर नाही!"

गाठोडं बांधून तो नदीपलीकडच्या बाजाराला निघून गेला. तिथं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, त्यामुळे चूर्ण धडाक्यात खपलं. त्या भाऊबीजेला भिवराबाईनं भाऊ नसलेल्या बायकांसारखं चंद्राला ओवाळलं. ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

माघात भावाच्या बायकोला खोकला लागला. जाता जाईना. भाऊ नदीपलीकडच्या बाजारात औषध बघायला गेला. खोकल्याचे सहा औषधवाले होते आणि प्रत्येकापाशी बरी झालेली दहा दहा माणसं. त्यांच्यापुढे भाऊ नुसता उभा राहिला. अशी माणसं कशी मिळतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं स्वतः आपल्या दहांना जिलबी चारली होती. घरी बायको खोकून खोकून अर्धी झाली होती, आणि समोरच्या साठ जणांतल्या एकावरही त्याचा विश्वास बसेना.

शेवटी तो बायकोला बैलगाडीत घालून बहिणीच्या बाजारात आला. मान खाली घालून म्हणाला, "भिवरे, खोकल्याला कुणाचं घेऊ?"

भिवराबाईनं वहिनीचा हात धरून तिला म्हातारीपुढे बसवलं.

"किती दिवस झाले?" म्हातारीनं विचारलं.

"महिना होऊन गेला."

म्हातारीनं काढ्याचं भांडं झाकलं. "मग माझं नको. आजच्या आज तालुक्याच्या वैद्याकडे न्या."

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा विकणारा भावानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण गाडी तशीच पुढे हाकली. वैद्य म्हणाले, बरं झालं आणलीत, आणखी पंधरा दिवस काढ्यावर काढले असते तर अवघड होतं. दोन महिन्यांनी बाई हिंडूफिरू लागली.

पुढच्याच बुधवारी भाऊ चिंचेखाली येऊन बसला. एक म्हातारे गृहस्थ लंगडत आले. "गुडघ्याचं चूर्ण तुझ्याकडेच ना?"

"माझ्याकडेच होतं, बाबा. गुडघ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. पोट साफ करायचं असेल तर घ्या."

म्हातारबुवा पुटपुटत निघून गेले. मागं उभ्या असलेल्या भिवराबाईचे डोळे भरून आले. "दादा, चल, घरी जेवायला चल."

"आधी महिनाभरानं घरोघर जाऊन विचार," भाऊ म्हणाला, "आणि एकही घर गाळू नकोस. मग जेवू."

तात्पर्य: बरे झालेले विकणारा दाखवतो, न झालेल्यांना आपण शोधून विचारावं लागतं; आणि जे परक्याला विचारायचं, तेच सख्ख्यालाही.